गाडी ‘मिसिंग’ मारते? आधी निदान, मग खर्च



या पानावर मी एरवी बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी लिहितो. आज मोटारगाडीविषयी लिहिणार आहे. कारण असे, की गेल्या मृगात एका घरचे पेरणीचे पैसे गाडीच्या इंजिनात जाता जाता वाचले. ते कसे वाचले हे सांगितले, तर आणखी चार घरचे वाचतील असे वाटते.

झाले असे. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासायला मी एका गावी गेलो होतो. तात्यांनी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करून ठेवली होती. उलगडून मोजले, तर ७८ दाण्यांना चांगले कोंब आलेले. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवण असली, की बियाणे पेरायला हरकत नसते. मी म्हटले, “तात्या, बियाणे चांगले आहे. बीजप्रक्रिया करून ठेवा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की पेरा.”

तात्या गप्पच राहिले. मग हळूच म्हणाले, “साहेब, बियाणं घरचं हाय. पण खताचं आन् पेरणीचं पैसं गाडीला घालावं लागतंय की काय, असं झालंय.”

पडवीत त्यांची गाडी उभी होती. पंचवीस वर्षांहून जुनी, तीन सिलिंडरची, कार्ब्युरेटरची लहान पेट्रोल गाडी. हौसेसाठी घेतलेली नव्हे. तात्यांच्या आईंना आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, डायलिसिसला न्यावे लागते. जिल्ह्याचे गाव ४० किलोमीटर. सकाळी सातला तेथे हजर असावे लागते, आणि त्या वेळी एस. टी. नाही. म्हणून ही जुनी गाडी घेतली.

महिन्याभरापासून गाडी मिसिंग मारू लागली. चालता चालता झटके देई, चढाला मान टाकी. तालुक्याच्या गॅरेजात नेली. मिस्त्रीने आधी तिन्ही प्लग बदलले. आठवडा बरा गेला. पुन्हा तेच. मग कार्ब्युरेटर खोलून साफ केला. पुन्हा तेच. मग कॉइल बदलली. असे ४,५०० रुपये गेले. शेवटी मिस्त्री म्हणाला, “इंजिन थकलंय. उतरवून काम करावं लागेल. ३५ हजार धरून चला.” मधल्या एका बुधवारी, भुरभुर पावसात, गाडी रस्त्यातच बंद पडली. म्हातारी माणूस दीड तास रस्त्याकडेला बसून राहिली. शेवटी दुधाच्या टेम्पोने पुढे नेली.

मी काही मिस्त्री नव्हे. पण नोकरीच्या सुरुवातीला आमच्या खात्यात एक चालक होते. जुन्या पेट्रोल गाड्यांत त्यांची हयात गेली होती. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती शेतीतही उपयोगी पडली. ते म्हणत, “सामान बदलणं म्हणजे दुरुस्ती नाही. आधी कोणता सिलिंडर मेला ते शोधा, मग का मेला ते शोधा, आणि मगच पाना हातात घ्या.” आपण शेतकऱ्यांना हेच सांगतो ना? पान पिवळे दिसले, की एकाच पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक मिसळून मारू नका. आधी रोपटे उपटून मुळ्या पाहा.

तिफणीची एक नळी बुजली तर

मिसिंग म्हणजे नेमके काय, हे तिफणीवरून चटकन समजते. तिफणीला तीन फण, तीन नळ्या आणि वर एक चाडे. चाड्यात मूठ सोडली, की दाणे तिन्ही नळ्यांतून तिन्ही तासांत पडतात. एक नळी ओल्या मातीने बुजली, तर बैल चालतात, तिफण चालते, पण एक तास रिकामा राहतो.

तीन सिलिंडरच्या इंजिनाचे तसेच आहे. चाड्याच्या जागी डिस्ट्रिब्युटर. कॉइलमध्ये तयार झालेला हजारो व्होल्टचा करंट तो पाळीपाळीने तीन वायरींतून तीन प्लगना देतो. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते आणि सिलिंडरमध्ये दाबलेली पेट्रोल-हवेची वाफ पेटते. पिस्टन खाली रेटला जातो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. गाडी जागेवर मंद चालताना मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर एकेक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा पेटायला हवा. त्यातला एखादा मधूनमधून किंवा कायमचा पेटेनासा झाला, की त्याला मिसिंग म्हणतात.

पेटण्यासाठी तीन गोष्टी लागतात. योग्य वेळी जोरकस ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, आणि वाफ नीट दाबली जाणे, म्हणजेच कॉम्प्रेशन. पेट्रोल आणि हवेचे प्रमाण वजनाने साधारण एक भाग पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा असे असते. मिसिंगचे कारण काहीही असो, ते या तिघांपैकी एकात असते. त्यात ठिणगीच्या बाजूची कारणे तपासायला सोपी आणि दुरुस्तीला स्वस्त. कॉम्प्रेशनची कारणे सर्वांत खर्चाची. म्हणून शोध स्वस्ताकडून महागाकडे न्यावा. तात्यांच्या गाडीत मात्र मधल्या पायऱ्या गाळून थेट इंजिन उतरवण्यावर गोष्ट आली होती.

पहिला प्रश्न: कधी?

मी तात्यांना विचारले, “गाडी कधी मिस करते?” ते म्हणाले, “सारखीच करती.” पण तेव्हा चालू करून पाहिली, तर दुपारच्या उन्हात इंजिन बऱ्यापैकी एकसारखे चालत होते.

चहा घेऊन आलेल्या वहिनी उंबऱ्यातूनच बोलल्या, “सारखी न्हाई करत, साहेब. पाऊस झाल्यावर सकाळी करती. आन् आत्याबाईंना घेऊन खिंडीचा चढ लागला की लई करती. दुपारच्याला माघारी येताना झटकं बसत न्हाईत.”

आईंच्या शेजारी मागच्या सीटवर त्याच बसत. झटका बसला, की सासूबाईंचा सुई टोचलेला हात धरून ठेवत. म्हणून त्यांना बारीकसारीक ठाऊक होते. गॅरेजात त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

त्या दोन वाक्यांत निम्मे निदान झाले. रिंग-पिस्टन झिजले असते, तर पाऊस असो की ऊन, मिसिंग राहिलेच असते. दमट हवेत वाढते आणि वाळल्यावर थांबते, याचा अर्थ करंट कोठेतरी गळतो आहे. पाण्याला जशी उताराची वाट, तशी करंटला सोपी वाट आवडते. वायरीचे आवरण कोठे फाटले असेल, तर ओलीच्या वाटेने तो इंजिनाच्या लोखंडात उतरतो आणि प्लगपर्यंत पोहोचतच नाही. चढाला मिसिंग वाढण्याचे कारणही तेच. चढावर सिलिंडरमध्ये वाफ जास्त भरते आणि जास्त दाबली जाते. दाट वाफेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात. तेवढा जोर आला, की करंट गळतीची वाट धरतो.

प्लग काय सांगतो

इंजिन थंड झाल्यावर आम्ही तिन्ही प्लग काढले. काढताना प्रत्येकावर चिकटपट्टी लावून एक, दोन, तीन असे आकडे टाकले. प्लगचे टोक म्हणजे सिलिंडरची जीभ. वैद्य जीभ पाहतो, तसे ते पाहावे.

टोक फिकट तपकिरी, खाकी रंगाचे असेल, तर सिलिंडर नीट जळतो आहे.

टोकावर कोरडी, हाताला लागणारी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आणि चोक पाहा.

टोक तेलकट काळे असेल, तर इंजिनात ऑइल चढते आहे. रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा संशय.

टोक ओले असून पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल येते पण पेटत नाही. ठिणगीचा किंवा कॉम्प्रेशनचा दोष.

टोक पांढरेफटक, फोड आल्यासारखे असेल, तर मिश्रण फार पातळ आहे किंवा इंजिन फार तापते आहे.

तात्यांच्या गाडीचा पहिला आणि तिसरा प्लग खाकी होता. दुसरा काळपट आणि ओला, पेट्रोलचा वास येणारा. प्लग नवेच होते. म्हणजे रोगी दुसरा सिलिंडर.

येथे एक सोपी युक्ती ध्यानात ठेवा. संशयाचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा आणि शेजारचा त्याच्या जागी. गाडी दोन दिवस चालवावी. दोष प्लगबरोबर शेजारी गेला, तर प्लग खराब. दोष जागेवरच राहिला, तर प्लग निर्दोष, पुढे पाहा. या परीक्षेला एक पैसा लागत नाही. प्लगच्या टोकातील फटही फीलर गेजने मोजावी. पुष्कळ जुन्या गाड्यांना ती पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तकात दिली असेल तीच खरी.

अंधारातली परीक्षा

पुढची परीक्षा अंधारातच होते. म्हणून मी त्या दिवशी मुक्काम केला. रात्री आईंचे जेवण झाले. वहिनींनी अंगणातला दिवा मालवला. आधी बॉनेट उघडून पेट्रोलचा वास येत नाही, कोठे ओल नाही, याची खात्री करून घेतली. पेट्रोल गळत असेल, किंवा गाडीला गॅस किट असून वास येत असेल, तर ही परीक्षा मुळीच करू नये. मग तात्यांनी इंजिन चालू केले. रोपांवर पाणी उडवायची लहान फवारणी बाटली होती, तिने मी प्लगच्या वायरींवर लांबूनच धुके धरले. ओतायचे नाही, केवळ दव पडल्यासारखे.

दहा-पंधरा सेकंद गेले आणि इंजिन थरथरू लागले. सकाळचेच ते झटके. तेवढ्यात दहावीतला नातू ओरडला, “काका, तिथं काजवा!”

मृगात आमच्याकडे काजवे असतातच. पण हा काजवा दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीखाली, लोखंडी पट्टीशी, निळा निळा टिचकत होता. इंजिन बंद करून वायर सोडवली. वरून ती धडधाकट दिसत होती. खालच्या अंगाला, पट्टीला टेकत होती तेथे, उंदराने कुरतडून आवरण पातळ केले होते. पडवीत गाडीच्या शेजारीच कडब्याची गंज. कडब्यात उंदीर, आणि थंडीत ऊबदार इंजिन. आणखी काय हवे त्यांना?

खात्री पक्की करायला दुसरी परीक्षाही घेतली. इंजिन बंद केले. दुसऱ्या सिलिंडरची वायर प्लगवरून काढून तिला एक जादा प्लग लावला आणि त्या प्लगचे लोखंडी अंग तारेने इंजिनाला घट्ट बांधले, म्हणजे करंट सुरक्षित उतरावा. धुके धरून इंजिन चालू केले. आवाजात काहीच फरक नाही. इंजिन बंद करून वायर परत लावली आणि पहिल्या सिलिंडरला तसेच केले. इंजिन आणखी खाली बसले आणि बंद पडले. म्हणजे पहिला काम करत होता, दुसरा करत नव्हता. ज्याची वायर काढल्याने आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला, हा नियम.

चालू इंजिनावर हाताने वायरी उपटण्याची सवय काही मिस्त्रींना असते. आपण ते करू नये. जोराचा धक्का बसतो, हृदयाचा विकार असणाऱ्याला तो घातक ठरू शकतो, आणि वायर मोकळी राहिली तर कॉइलही जळते.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून वायरींचा संच आणला. सातशे रुपयांच्या आत काम झाले. कुरतडलेल्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, हेही सांगून ठेवतो. हजारो व्होल्टला ती पट्टी पुरत नाही.

करंटची बाकीची ठिकाणे

वायर हे एकच ठिकाण नव्हे. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून पाहावी. केसासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर त्या रेघेतून करंट पळतो. कॅप बदलावी. आत दमटपणा असेल, तर कोरड्या फडक्याने पुसावा. रोटरचे टोक जळाले आहे का पाहावे. फार जुन्या गाड्यांत आत पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पॉइंटवर खड्डा पडला किंवा कंडेन्सर गेला, की सगळेच सिलिंडर मिस करतात, एकच नव्हे.

गाडी गॅरेजातून आल्याबरोबर मिसिंग सुरू झाले असेल, तर वायरींची अदलाबदल तपासा. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांचा पेटण्याचा क्रम १-३-२ असा आहे, अॅम्बॅसेडरच्या चार सिलिंडरांचा १-३-४-२. दोन वायरी उलट बसल्या, की खतही गेले आणि पीकही गेले. म्हणून वायर काढण्यापूर्वी आकडे टाकावेत किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

हवा आणि पेट्रोल

ठिणगी ठीक असून मिसिंग राहिले, तर हवा-पेट्रोलकडे वळावे. येथेही ‘कधी’ हाच प्रश्न.

गाडी जागेवर मंद चालताना मिस करते, पण वेग दिला की सुधारते, तर बहुधा इंजिन कोठून तरी फुकटची हवा ओढते आहे. कार्ब्युरेटरच्या बुडाचे गॅस्केट किंवा हवेची रबरी नळी फुटलेली असते. कान दिल्यास ‘सूं’ असा आवाज येतो.

जागेवर ठीक, पण चढाला किंवा वेगात मान टाकते, आणि थोडे थांबले की पुन्हा चालते, तर पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही. पेट्रोल फिल्टर तुंबला असेल. काही रुपयांचे काम, पण पुष्कळदा विसरले जाते.

पेट्रोल भरल्यापासून मिसिंग सुरू झाले, तर टाकीत पाणी गेले असण्याचा संभव आहे.

आता इथेनॉलचे दोन शब्द. हे आपल्याच उसापासून आणि मक्यापासून होते, म्हणून त्याविषयी आपल्याला आपुलकी आहे, आणि ती असावी. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येऊ लागले. ते गृहीत धरून बांधलेल्या नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी. मारुती ८०० १९८३ च्या डिसेंबरात आली, आणि सन २००० च्या सुमारापर्यंत ती कार्ब्युरेटरवर चाले. असल्या जुन्या गाड्या त्या काळच्या पेट्रोलसाठी बांधलेल्या होत्या. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटला मिश्रण थोडे पातळ पडते. जुने रबर त्याने लवकर बिघडते. आणि इथेनॉल पाणी शोषते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. म्हणून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या दरवर्षी दाबून पाहाव्यात, चिरा गेलेल्या बदलाव्यात, आणि उभ्या गाडीत पेट्रोल जुने होऊ देऊ नये.

मिस्त्रीचे म्हणणे कधी खरे असते

वरचे वाचून मिस्त्री लोक उगाच इंजिन उतरवायला सांगतात, असा समज करून घेऊ नका. माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी चार सिलिंडरची जुनी गाडी मिस करू लागली. गार असो, गरम असो, ऊन असो, पाऊस असो, एक सिलिंडर मेलेलाच. मिस्त्री म्हणाला, “टॅपेट आणि कॉम्प्रेशन पाहू.” मी शहाणपणा केला आणि सहा महिने प्लग व वायरीच बदलत राहिलो. अखेर त्याने मीटर लावला. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा फारच कमी. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजले, तरी वाढले नाही. ऑइलने वाढले असते, तर रिंगचा दोष. वाढले नाही, म्हणजे व्हॉल्व्हचा. टॅपेटची फट बुजून एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता आणि जळून गेला होता. सुरुवातीलाच टॅपेट सेट करून घेतले असते, तर कदाचित शे-दोनशेंत भागले असते. माझे अख्खे हेड उतरले.

शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम कमी आले, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. रेडिएटरचे पाणी कमी होते का, हेही त्याबरोबर पाहावे.

तेव्हा मिस्त्रीने इंजिन उतरवायला सांगितले, तर भांडू नका, हुज्जत घालू नका. एवढेच म्हणा, “दादा, कॉम्प्रेशन मोजून आकडे आमच्या वहीत लिहून द्या.” मोजणीला फार खर्च येत नाही. आकडे खराब आले, तर काम करावेच लागेल. चांगले आले, तर दोष दुसरीकडे आहे. उगवण न तपासता बियाणे टाकून देत नाही आपण. इंजिनाचेही तसेच.

इंजेक्शनच्या गाड्या

अलीकडच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही, पुष्कळांत डिस्ट्रिब्युटरही नाही. त्यांत संगणक असतो. मिसिंग झाले, की समोरचा पिवळा इंजिनाचा दिवा लागतो. मिस्त्री यंत्र जोडून कोड वाचतो. पी ०३०० आला, तर मिसिंग एका ठिकाणचे नाही. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, याप्रमाणे. कोडमुळे ‘कोणता’ हे कळते, ‘का’ हे कळत नाही. तेथेही कॉइल किंवा प्लग शेजारी बदलून दोष जागा सोडतो का, हे पाहणे उपयोगी पडते. तो दिवा उघडझाप करू लागला, तर गाडी बाजूला घ्यावी. न जळालेले पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग निकामी होतो.

जुन्या गाडीतही मिसिंग अंगावर काढू नये. न जळालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर समजावे, की आता उशीर होतो आहे. सातशे रुपयांचे दुखणे ३५ हजारांचे होते, ते असे.

सांभाळावयाच्या गोष्टी

बॉनेट उघडून काम करताना पदर, उपरणे, ओढणी आवरून घ्यावी. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. विडी-सिगारेट जवळ नको. लहान मुलांना दूर ठेवावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढून, चाकाला दगड लावून उभी करावी. पडवीचे दार उघडे ठेवावे, धूर विषारी असतो. प्लग थंड इंजिनावरच काढावेत आणि बसवताना आधी हातानेच फिरवावेत. आटे गेले, तर हेडचे काम निघते. पावसाळ्यात गाडी कडब्यापासून आणि पेंडीच्या पोत्यांपासून लांब उभी करावी, आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या दिसतात का पाहावे. ट्रॅक्टर डिझेलचा असतो, त्याला प्लगच नसतात. वरच्या परीक्षा त्याला लावू नयेत.

एक वही

शेवटी एकच काम सांगतो. दुधाची आणि औषधाची वही असते, तशी गाडीची एक वही करा. मिसिंग झाले, की पाच गोष्टी लिहा. तारीख. इंजिन गार होते की तापलेले. हवा कोरडी की दमट. जागेवर, सपाटीला की चढाला. पेट्रोल कधी आणि कोठे भरले. वही गाडीत बसणाऱ्याने लिहावी. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते. मिस्त्रीकडे जाताना ती बरोबर न्या. चांगला मिस्त्री असली वही पाहून खूश होतो, कारण त्याचा अर्धा वेळ वाचतो.

तात्यांच्या घरी ही वही वहिनींनी घातली आहे. परवा गेलो, तेव्हा त्यांनी दाखवली. मृगापासूनच्या पानांवर प्रत्येक बुधवारी आणि शनिवारी एकच ओळ होती. ‘सकाळी सहाला निघालो, पाऊस होता, झटका नाही.’

सोयाबीन वेळेवर पेरले गेले. खतही पडले. उगवण सांगायची, तर तिन्ही तासांत सारखी होती.